मालिकेच्या वेळी केबल बंद

पंचायतीच्या मतदानाला दोन दिवस उरले असताना बाबांच्या बर्फाच्या कारखान्यात अमोनियाची नळी फुटली. कामगार बाहेर पडले होते, पण मुख्य व्हॉल्व्ह गंजून अडकला होता आणि वारा खालच्या वाडीकडे वाहत होता. वाडीत एकवीस घरं. मी शाळेत रसायनशास्त्र शिकवते. हा वायू फुप्फुसात काय करतो ते मला माहीत होतं. मी धावत चढण चढून तिठ्यावर, तीन रस्ते मिळतात तिथे, पोचले.

बाबा, गावाचे भाई, तिथल्या केबलच्या खोलीत होते. रोज संध्याकाळी ते स्वतःच्या वाहिनीवर गावच्या बातम्या वाचत. त्या महिन्यात बातमीत बहुतेक तेच असत.

"बाबा, टीव्हीवर सांगा. वाडी रिकामी करूक व्हयी."

त्यांचा चेहरा उतरला. कारखाना त्यांचा, उमेदवारही तेच. मला वाटलं, नाही म्हणतील.

"सांगलंय तर अर्धे कारखान्याकडे बघूक धावतले. उरलेले म्हणतले, भाईचो प्रचार." ते केबल सांभाळणाऱ्या किरणकडे वळले. "केबल बंद कर."

"आता? आठची मालिका चालू आसा. बायको माका घरात घेवची नाय."

"म्हणानच."

पडदा काळा झाला. केबल गेली की वाडी भांडायला तिठ्यावर येते, आणि ही चढण कारखान्यापासून दूर आहे. तरी मी घड्याळावरून नजर काढली नाही. चौथ्या मिनिटाला आवाज आले. सगळ्यांत पुढे नर्मदाकाकी.

"भाई, मत व्हया ना तुका? मगे माझी मालिका खंय आसा?"

मागची माणसं डोळे पुसत होती. बाबा पायरीवर उभे राहिले. "माझ्या कारखान्यातसून वायू सुटलो आसा. कोण मागे जाव नकात."

मी घरं मोजली. वीस. दोनदा मोजली.

परशुराम नव्हता. बाबांच्या विरोधात उभा राहिल्यावर त्याने केबल तोडून छपरावर डिशची छत्री बसवली होती. त्याचा टीव्ही चालूच असणार. त्याची आई सुभद्रा अंथरुणाला खिळलेली.

"फोन उचलना नाय," किरण म्हणाला.

बाबांनी मला विचारलं, "वल्या फडक्यान कितको वेळ मिळात?"

मला आकडा माहीत नव्हता. "पाच मिनिटां," मी म्हटलं.

माझी ओढणी बादलीत बुडवून त्यांनी तोंडाला बांधली आणि ते वाडीकडे उतरले. परत यायला अकरा मिनिटं लागली. परशुरामच्या पाठीवर त्याची आई होती, आणि तिच्या तोंडावर माझी ओढणी.

"कारखानो कोणाचो, ता परवा सगळ्यांका सांगतलंय, भाई," परशुराम खोकत म्हणाला.

बाबांनी उत्तर द्यायला तोंड उघडलं. आवाज आला नाही. मी पाण्याचा पेला त्यांच्या ओठांना लावला. त्यांना गिळता येईना.