नाईलची फळी

माझी धाकटी जाऊ आणि मी एकाच संग्रहालयात काम करतो. हे ऐकून लोक "किती छान!" म्हणतात. त्यांना जाऊ नसावी.

मी तिच्या नऊ वर्षं आधी लागले. माझ्याकडे सुमेरचं दालन आहे. साबणाच्या वडीएवढ्या मातीच्या पाट्या, विटा आणि फुटके रांजण. तिच्याकडे इजिप्त. सोनेरी मुखवटा, ममी, वर मांजराचीही ममी. शाळेची सहल आली की पोरं माझ्या दालनातून बोळातून पळावं तशी पळतात. सगळ्यात जुनी शहरं इथली, लिहायची सुरुवात इथली, असं मी घसा फोडून सांगते आणि एखादी चिमुरडी विचारते, "ममी कुठंय?"

घरीही तेच. सासूबाईंच्या औषधांच्या वेळा मी सोळा वर्षं सांभाळतेय, पण पाहुण्यांना त्या सांगणार, "धाकटीचं सगळं कसं हसतखेळत असतं." म्हणजे माझं रडतखडत. आणि खरं सांगायचं तर तिचं असतंही हसतखेळत. माझ्या पोटात दुखतं ते त्याचंच.

यंदा संग्रहालयात नवं मोठं दालन होणार होतं. एका भिंतीवर सुमेर, इजिप्त, सिंधू आणि चीन, अशा चार जुन्या संस्कृती एकाखाली एक. प्रत्येकीची एक रंगीत लाकडी फळी. माप आमच्या सुतारकाकांनी ठरवलेलं: एक वीत म्हणजे शंभर वर्षं. उजव्या टोकाला आज, आणि डावीकडे जाल तसतसं मागं. कोण कधी सुरू झालं, कोण कुणाच्या वेळी होतं, ते मान न दुखवता दिसावं. या दालनाची प्रमुख आम्हा दोघींपैकीच एक होणार होती, आणि उद्घाटनाच्या दिवशी साहेब नाव सांगणार होते. मला ते पद हवं होतं. इतकं, की आरशासमोर "दालनप्रमुख" म्हणून बघितलं होतं.

उद्घाटनाच्या आठवड्यातच सासूबाईंच्या डोळ्याचं ऑपरेशन आलं. रजा कोणी घ्यायची यावर घरात सगळे माझ्याकडे बघायला लागले. एवढ्यात धाकटी म्हणाली, "मी थांबते आईंजवळ. ताई, तुम्ही फक्त माझी फळी एकदा बघून घ्याल ना? तक्ता मी घाईत पाठवलाय."

"बघते की," मी म्हटलं.

सोमवारी तळघरातल्या कारखान्यात गेले. तिच्या फळीचे तुकडे रंगून भिंतीला टेकवलेले होते. पहिला तुकडा उलटा करून पाहिला, तर पाठीवर काकांनी पेन्सिलीनं लिहिलेलं, इजिप्तला ते नाईलच म्हणतात: "नाईल, सुरुवात ३१."

एकतीस! हवं होतं एक्कावन्न, आजपासून मागं एक्कावन्न विती. काय झालं ते मला तिथंच कळलं. आम्ही बाकी सगळ्यांनी तक्त्यात "आजपासून किती वर्षांपूर्वी" लिहिलं होतं. तिनं लिहिलं होतं इसवी सनाच्या आधीचं साल, एकतीसशे. काकांनी सगळ्यांना एकच माप लावलं. फळीची लांबी अगदी बरोबर होती, फक्त ती दोन हजार वर्षं अलीकडे लागणार होती.

मी त्या आकड्यावर बोट फिरवलं. काका चार हातांवर रंधा मारत होते. एक हाक पुरली असती.

संध्याकाळी तिचा फोन आला. "बघितलीत का हो फळी?"

"बघितली. छान झालीय."

त्या रात्री मला झोप लागली नाही असं लिहिलं असतं तर बरं दिसलं असतं. पण मला मस्त झोप लागली.

शुक्रवारी पडदा सरकला. धाकटी हॉस्पिटलमधून तशीच धावत आली होती, केसही नीट विंचरलेले नव्हते. फळ्यांवर यायची चित्रं रंगाऱ्यानं वेगळ्या यादीवरून लावली होती, ती जागच्या जागी होती. त्यामुळे पिरॅमिड कोऱ्या भिंतीवर लोंबत होते, आणि इजिप्तची फळी त्यांच्यानंतर चौदा-पंधरा वितींनी सुरू होत होती. उजवीकडे ती पार आजच्या खांबाला जाऊन भिडली होती. प्रमुख पाहुणे चष्मा लावून वाकले आणि म्हणाले, "म्हणजे मी कॉलेजात होतो तेव्हा राज्य फारोंचं होतं तर!"

सगळे हसले. मीही हसले, आणि त्यातला आनंद आवाजातच कळला असावा, कारण धाकटीनं वळून माझ्याकडे पाहिलं.

"हे कुणाचं काम?" साहेबांनी विचारलं.

"माझं, सर," ती म्हणाली. "तक्त्यात मी साल चुकीच्या पद्धतीनं लिहिलं." मी बघितलं होतं, हे ती बोलली नाही. मी तिच्या तोंडाकडे बघत राहिले. आता बोलेल, मग बोलेल. नाही बोलली.

दालनप्रमुख म्हणून साहेबांनी माझं नाव घेतलं. टाळ्या वाजल्या.

पाहुणे चहाला गेल्यावर काका शिडी घेऊन आले आणि फळी उतरवायला लागले. "बाई, सोमवारी तुम्ही हाच तुकडा उलटा करून बघत होतात ना?" ते सहज म्हणाले. "मला वाटलं, आकडा पास झाला." आणि दुसरी शिडी आणायला निघून गेले.

त्या तुकड्याचं एक टोक धाकटीच्या हातात होतं, एक माझ्या.

"ताई, तुम्हाला दिसलं होतं?"

"हो."

"मग?"

काय सांगणार? सोनं तुझ्याकडे, कौतुक तुझ्याकडे, हे असलं काही पन्नाशीच्या बाईनं बोलायचं असतं का? तरी तोंडातून निघालंच. "मला एकदा तरी तुझ्या पुढं राहायचं होतं."

तिनं हनुवटीनं वर भिंतीकडे दाखवलं. मग हळू म्हणाली, "तुमची फळी पंचावन्नपासून आहे. माझी बरोबर लागली असती तरी एक्कावन्नपासून लागली असती. चारशे वर्षं पुढं होतात तुम्ही, ताई. आणि साहेबांना मी गेल्याच आठवड्यात सांगितलं होतं, दालन तुम्हालाच द्या म्हणून."

काका शिडी घेऊन आले. आम्ही दोघींनी एकेक तुकडा उचलून फळी वीस वीत डावीकडे नेली. साहेबांना जाऊन खरं सांगा, असं ती काही म्हणाली नाही. म्हणाली असती तर मी निदान भांडले असते. आता मला आपल्या पायांनी जायचं होतं.