पोटावरचे केस

आमच्या चिरंजिवांची पांढरी पर्शियन मांजर तीन आठवड्यांपासून दुप्पट पाणी पीत होती आणि अन्न नुसतं हुंगून सोडत होती. बसक्या नाकामुळे ती घोरते, डोळे सतत गळतात, याची घराला सवयच झालेली. पण हे नवं होतं. या जातीत मूत्रपिंडात पाण्याचे फोड होतात, ते आईबापांकडून येतात, सोनोग्राफी करून घ्या, असं डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं. त्यासाठी पोटावरचे केस काढावे लागतील म्हटल्यावर चिरंजिवांचे कानच मिटले. महिनाअखेरीला मांजरांचं प्रदर्शन होतं.

मी रोज विषय काढायचो, तो रोज टोलवायचा. सूनबाई म्हणायची, बाबा निवृत्त झाले, पण वर्ग काही सुटला नाही.

सात वर्षांच्या नातीला मात्र एका दुपारीतच सगळं कळलं. घेवड्याचा दाणा तिच्या तळहातावर ठेवून सांगितलं, मूत्रपिंड दिसायला असं. आत फोड वाढले की रक्त गाळायला जागा उरत नाही. मग केस कशाला काढायचे, असं तिनं विचारलं. यंत्र कातडीला टेकावं लागतं, मी म्हटलं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी चिरंजीव कामावरून आला तेव्हा मांजरीच्या पाठीवरच्या केसांत तळहाताएवढा खड्डा पडला होता. नातीच्या हातात कागद कापायची बोथट कात्री.

"पोटाला हात लावू देईना," ती म्हणाली, "म्हणून पाठीचे काढले."

तो माझ्याकडे वळला. "बाबा, ही तुमची शिकवणी."

"मी पोट सांगितलं होतं," मी म्हटलं. "प्रदर्शन तर गेलंच. आता तरी उद्याची वेळ घे."

त्यानं चरफडत फोन लावला.

सकाळी डॉक्टरीणबाईंनी पोट नीट भादरलं आणि पडद्यावर बोट ठेवलं. दोन्हीकडे फोड होते. बरे होणारे नव्हते. पण वेगळं खाणं, भरपूर पाणी, दर काही महिन्यांनी तपासणी, एवढं केलं तर बरेच दिवस निघतील, आणि पिल्लं मात्र होऊ द्यायची नाहीत, असं त्यांनी सावकाश सांगितलं. नातीनं विचारलं, पाण्याची भांडी किती ठेवायची? प्रत्येक खोलीत एक, त्या म्हणाल्या.

चिरंजीव मांजरीच्या भादरलेल्या पोटाकडे एकटक बघत होता. मला वाटलं, शिरलं एकदाचं डोक्यात.

"डॉक्टर," तो म्हणाला, "पुढचं प्रदर्शन चार महिन्यांनी आहे. तोवर केस येतील ना?"