वॉल्टरच्या पायाशी

"पुरावा आणा म्हणे!" मॉरीननं ते चित्रकथेचं मूळ पान माझ्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर ठेवलं. "शुक्रवारी प्रदर्शनातल्या चित्रांखालच्या पाट्या छापायला जाणार. संग्रहालयातल्या बाईनं आत्ता काय लिहिलंय ठाऊक आहे? कलाकार अज्ञात. माझा बाप अज्ञात!"

पानावर वॉल्टर होता. लोखंडी वॉल्टर, साडेआठ फूट उंच, छातीवर रिबिटांच्या दोन ओळी, खांद्यावर बुडत्या बोटीतून उचललेला खलाशी. साठ वर्षांपूर्वी दर गुरुवारी सकाळी आख्ख्या इंग्लंडातली पोरं कोपऱ्यावरच्या दुकानाबाहेर या यंत्रमानवाच्या नव्या अंकाची वाट बघत उभी असायची. त्याला पत्रं यायची. हिवाळ्यात कुणाकुणाच्या आजीनं विणलेले मोजेसुद्धा. ते चित्र काढणाऱ्या लेन ओकशॉटला एक ओळ आली नाही. असा कुणी माणूस आहे हेच कुणाला ठाऊक नव्हतं.

ठाऊक होऊ नये, याची व्यवस्था मी करत होतो.

"तुम्ही तिथंच होता ना, मिस्टर पिलबीम? मग द्या की दोन ओळी लिहून."

"होतो. काय करत होतो ते बापानं सांगितलं का तुला?"

"कला विभागात होता म्हणायचे."

"पुसणारा होतो, पोरी. सोमवारी पानं यायची. मी उजवा खालचा कोपरा बघायचा, सही दिसली की वर पांढरा रंग फासायचा. चित्रकाराचं नाव झालं तर तो डोक्यावर बसेल, ही मालकांना भीती. वॉल्टर कंपनीचा, हात भाड्याचे."

"बाबांची सही तुम्ही पुसलीत?"

"नऊ वर्षं."

"आणि हे तोंड वर करून सांगता?"

"तू विचारलंस."

ती उठली, कोटाचं एक बटण लावलं, आणि परत बसली. साठी उलटलेली बाई, जन्मभर कॅटफर्डची बस चालवलेली. ओठ मात्र थेट लेनचे.

"आधी तुमचं नाव सारखं तोंडात असायचं त्यांच्या, असं आई सांगायची. डेस असा, डेस तसा. मग एकदम बंद. का?"

मला माहीत नव्हतं. खरंच नव्हतं.

"सही खाली असेल अजून," मी म्हणालो. "शाई पक्की आहे, पाण्यानं जात नाही. पांढरा जातो."

माझे हात आता बारीक कामाचे राहिले नाहीत. म्हणून कापूस मी भिजवून दिला, बोळा तिनं फिरवला. वॉल्टरच्या डाव्या पायाशी, खडकावर. पांढरा रंग दुधासारखा सुटला. खालून अक्षरं वर आली. मुंगीएवढी, आणि एका सहीला लागतात त्याहून पुष्कळ जास्त.

मॉरीननं चष्मा लावला.

"डेस," ती वाचू लागली, "मॉरीन काल चालली. चार पावलं. रविवारी जेवायला ये. मटण भाजतोय."

केटलीतलं पाणी उकळून थांबलं. कुणी उठलं नाही.

नाव पुसलं जाणारच, हे लेनला कळलं होतं. मग त्यानं त्या जागेचा उपयोग केला. त्या कोपऱ्याकडे हमखास बघणारा जगात एकच माणूस होता, त्याला तो लिहीत बसला. आणि तो गाढव अक्षरं वाचायचाच नाही. रेघा दिसल्या की ब्रश.

एका सोमवारी लेन जिन्यात भेटला होता, ओल्या कोटात. "वाट बघितली रे," म्हणाला. मी म्हटलं, "कसली?" तो हसला. "काही नाही, मास्तर. हात जपून चालव." त्यानंतर तो स्वतः आला नाही, पानं पोस्टानं येऊ लागली.

"दर आठवड्याला लिहिलं असेल का हो त्यांनी?" मॉरीननं विचारलं. "बाकीची पानं कुठं आहेत?"

"तळघरात पाणी शिरलं. ओल टिपायला अंथरली जमिनीवर."

"कुणी?"

"मीच," मी म्हणालो. तिनं पानाचा ओला कोपरा कोरड्या कापसानं टिपला.

"माझं नाव आहे यात," ती म्हणाली. "आता ती बाई काय बोलेल? पण तुमचा कागदही हवा. लिहा."

मी पेन घेतलं. मालक मेले, कंपनी बुडाली, आता कुणाच्या बापाला भ्यायचं? तरी पहिलं अक्षर उमटायला वेळ लागला. वॉल्टरची ही सगळी चित्रं लेन ओकशॉट यांनी काढली. त्यांचं नाव मी पुसलं. खाली सही केली, पूर्ण: डेस्मंड पिलबीम.

कागद तिच्याकडे सरकवला. मला वाटलं, घडी घालून पर्समध्ये टाकेल.

तिनं तो खिडकीपाशी उजेडात नेला, आणि शब्दन् शब्द वाचला.