पिन न काढलेलं पाकीट

…पाकिटाची पिन तशीच होती. जरा गंजलेली, पण काढलेली नाही. आत इयरफोनची वायर दिली तशीच गुंडाळलेली—आणि ठमी ते पाकीट टेबलावर ठेवून, कॉलेजची वस्तू जपून परत आणल्याच्या समाधानात अर्चनासमोर उभी होती.

सत्र संपलं की कोर्ससाठी दिलेले इयरफोन जमा करायचे, हा बोईसरच्या या कॉलेजचा नियम. दुसरा नियम कुठे लिहिलेला नव्हता: व्यावसायिक इंग्रजीच्या ऑनलाइन कोर्सवर साठही नावांपुढे हिरवी खूण दिसली, तरच अर्चना मॅडमचं कंत्राट वाढणार. एकोणसाठ हिरव्या झाल्या. ठमी दिवाळीनंतर आईबापाबरोबर वीटभट्टीवर गेलेली, तिची तेवढी लाल—डोळ्यांत कुसळ गेल्यासारखी… पासवर्ड सगळ्यांचे मीच करून दिलेले, अर्चनाला आठवलं. एका दुपारी याच टेबलावर बसले आणि तिच्या नावाने अडतीस धडे उरकले. बिचारीचं वर्ष वाया नको, असं स्वतःला बजावत. खोटं! मला नोकरी हवी होती. संशय नको म्हणून काही उत्तरं मुद्दाम चुकवली. इतक्या काळजीने मी माझा स्वतःचा पेपरही कधी लिहिला नव्हता.

आणि आता त्याच कोर्सच्या प्रमाणपत्रावर औद्योगिक वसाहतीतल्या एका कंपनीने ठमीला बोलावलं होतं. उद्या साडेदहाला. मुलाखत इंग्रजीत.

“भट्टीवर नेटवर्क नाय, मॅडम. जायच्या आधी दोनच धडे केलते मी,” ठमी हसत म्हणाली. “तरी चौऱ्याण्णव टक्के आले! म्हंजे मला येतंय ना?”

सांगून टाकावं… पण सांगितलं तर ही उद्या जाणार नाही, आणि परवा मी इथे नसेन. न सांगावं तर उद्या त्या एसीच्या खोलीत, चार अनोळखी माणसांसमोर ही एकटी—अर्चनाने पिन उपटली, ती बोटात घुसली, तशीच वायर सोडवायला लागली. एका संध्याकाळीत अडतीस धडे शिकवायचे? शुद्ध वेडेपणा.

“बस,” ती म्हणाली. “टेल मी अबाउट युवरसेल्फ.”

ठमी ताठ बसली. “माय नेम इज ठमी.” आणि थांबली. घाबरली मात्र नाही. चौऱ्याण्णव टक्क्यांच्या भरवशावर ती पुढच्या वाक्याची वाट बघत राहिली.

खरं सांगायला इंग्रजी लागत नव्हतं. मराठीत एकच वाक्य… तेही अर्चनाला जुळेना.

“थांबा मॅडम,” ठमी तिलाच धीर देत म्हणाली, “येतंय.”

अर्चना बोट दाबून धरून थांबली.