कंसातला मजकूर

प्रूफ पहिलं

हार्दिक अभिनंदन!
आष्टीचे दोन हिरे
श्री. कल्याण रामप्रसाद ढवळे – तलाठी
कु. साक्षी शिवाजी वाहुळे – तलाठी (अनु. जाती प्रवर्गातून)
शुभेच्छुक : बद्रीनाथ ढवळे सर व मित्रमंडळ

फ्लेक्सवाल्या बबलूनं हे साक्षीच्या मोबाइलवर पाठवलं आणि खाली लिहिलं, 'नावं चेक करून ओके द्या.'

नावं बरोबर होती. फोटोही बरा होता, बबलूनं रंग थोडा उजळ केला होता तेवढं सोडलं तर. साक्षी चपला घालून कुठंतरी निघाली होती. कुठं, ते ती विसरली.

(दहावीच्या सत्काराला शाळेत पहिली आली होती. पुकारणाऱ्यानं नाव घेतलं, श्वास घेतला आणि म्हणाला, मागासवर्गीयांतून. तसं लोकांनी टाळ्या आटोपत्या घेतल्या.)

(जालन्याच्या कॉलेजात मैत्रीण म्हणाली, तुझं बरं आहे बाई. काय बरं आहे, हे तिनं सांगितलं नाही आणि हिनं विचारलं नाही.)

(अभ्यासिकेत एकानं तिचे सराव परीक्षेचे मार्क बघून विचारलं, एवढे कशाला काढून राह्यली? तुला तर कमीत भागतंय.)

असे कंस तिच्या नावामागून आपोआप यायचे, हजेरी घेताना नावामागून 'हजर' यावं तसे. पण या वेळी कंस नुसता खुपणारा नव्हता, चुकीचा होता. निवड यादीत तिच्या नावापुढं स्वच्छ 'अराखीव' लिहिलं होतं. जिल्ह्यात चौथी.

शिवाजी वाहुळे ओट्यावर बसून थापी घासत होते. गवंडीकामाला निघायच्या आधी हत्यार स्वच्छ पाहिजे, हा त्यांचा नेम. पोरीनं मोबाइल पुढं केला.

"बराबर तर हाय," ते म्हणाले. "फोटोत जरा गोरी झालीस."

"कंस बघा, बाबा. मी त्या यादीतून लागलेच न्हाई."

त्यांनी पुन्हा वाचलं. थापी बाजूला ठेवली. "मंग जा अन् काढून ये. पण चूक हाय म्हणून काढ. लाज वाटून काढत असशील तर राहू दे, मी रविवारी सत्काराला त्या फ्लेक्सखाली खुर्ची टाकून बसतो."

"लाज कशाची?"

"तेच विचारून राह्यलो."

बबलूचं दुकान स्टँडासमोर. आत कल्याण बसला होता, स्वतःचे दोन फोटो पुढं ठेवून, कुठला लावायचा या विचारात. साक्षी आणि तो एकाच अभ्यासिकेत तीन वर्षं समोरासमोर बसलेले. बोलणं बेताचंच, पण एकमेकांच्या नोट्स दोघांनीही वापरलेल्या.

"मॅडम, या," बबलू म्हणाला. महिनाभरापूर्वी ती नुसती साक्षी होती. "मजकूर सरांचा आहे बरं का. आपण फक्त टायपिंग."

"माझ्यापुढं कंस आहे. कल्याणपुढं न्हाई."

"त्याच्यापुढं काय लिहू? तो तर ओपनचा."

कल्याणनं दोन्ही फोटो एकावर एक ठेवले. बबलू चहा सांगायला बाहेर गेला, तसा तो हळूच म्हणाला, "तू यादी बघितलीस ना?"

तिनं बघितली होती. कल्याणच्या नावापुढं 'आर्थिक दुर्बल घटक' होतं आणि मार्क तिच्यापेक्षा बरेच कमी होते.

"घरी फक्त आई-बाबांना माहीत आहे. काकांना न्हाई. आरक्षणावर काका जन्मभर काय बोलत आले, तुला ठाऊकच आहे. आठ दिवस झाले, कुणी पेढा तोंडात घातला की वाटतं, आता विचारणार, कशातून लागलास."

"आठ दिवस?" साक्षी म्हणाली. "मला दहावीपासून विचारून राह्यलेत. गोड लागतो पेढा, खात जा."

तो हसला, पण ते हसू टिकलं नाही, कारण दारात त्याचे काका उभे होते, मागं चहा घेऊन बबलू.

बद्रीनाथ सरांनी साक्षीला गणित शिकवलं होतं आणि चांगलं शिकवलं होतं. शाळेतून निवृत्त झाले तरी आवाज वर्गातलाच. साक्षीनं मोबाइलवर यादी उघडून त्यांच्यापुढं धरली. त्यांनी चष्मा वर केला, खाली केला, तिच्या ओळीवर बोट ठेवलं. तिचीच ओळ, खाली ते गेलेच नाहीत. आणि चेहरा असा खुलला की साक्षीला क्षणभर वाटलं, झालं, मिटलं.

"अरे, हे आधी नाही का सांगायचं, बेटा. बबलू, घे लिहून."

प्रूफ दुसरं

आरक्षण न घेता यश!
गुणवत्तेला कुबड्या लागत नाहीत!
कु. साक्षी शिवाजी वाहुळे
खुल्या प्रवर्गातून तलाठी
सर्वांनी आदर्श घ्यावा

बबलूनं 'कुबड्या' लाल रंगात घेतलं. कल्याण पायाकडं बघत होता.

"तुझंच नाव वर," सर म्हणाले. "कल्याण खाली. त्याला काय, घरचाच आहे."

साक्षीनं ते दोनदा वाचलं. पहिला कंस तिच्या एकटीच्या गळ्यात होता. हा लाल शब्द वस्तीतल्या प्रत्येक पोराच्या डोक्यात घालायला काढलेला होता, आणि घालणारा हात तिचा दिसणार होता.

"सर, मी पाच वर्षं समाजकल्याणच्या वसतिगृहात राह्यले. शिष्यवृत्तीवर बीएस्सी केलं."

"ते वेगळं. परीक्षेत तर घेतलं नाहीस ना काही."

"परीक्षेपर्यंत कशी आल्ते मंग?"

"चिडू नको. मी कौतुक करून राह्यलो तुझं."

"माझं कौतुक अन् बाकीच्यांना टोला. एकाच फ्लेक्सात दोन कामं."

"लोकांपुढं एक उदाहरण राहील म्हणून."

"उदाहरणं गणिताची द्या, सर. ती तुमची छान असायची."

बबलूनं हसू चहाच्या ग्लासात लपवलं. सरांनी त्याच्याकडं बघितलं, मग तिच्याकडं. आवाज खाली आला, शिक्षा द्यायच्या आधी यायचा तसा.

"ठीक आहे. दोन प्रूफं आहेत. कंसवालं का बिनकंसवालं, एक सांग. रविवारी आमदार येणार आहेत, मला वेळ नाही."

साक्षीनं बबलूला उठायची खूण केली. तो उठला. ती त्याच्या खुर्चीत बसली, लाल ओळ खोडली, आदर्श खोडला, सगळंच खोडलं. पांढऱ्या पडद्यावर एका बोटानं टाइप करत गेली. बबलू मागून काना-मात्रा सांगत होता.

प्रूफ तिसरं

साक्षी शिवाजी वाहुळे
तलाठी. जिल्ह्यात चौथी.
समाजकल्याणचं वसतिगृह, सरकारी शिष्यवृत्ती,
वडिलांचं गवंडीकाम, आईची अंगणवाडी,
ढवळे सरांचं गणित आणि स्वतःची अक्कल
हे सगळं घेऊन.

सरांनी वाचलं. "हे काय फ्लेक्स आहे? रेशनकार्ड आहे हे."

"एकही ओळ खोटी न्हाई."

"माझं नाव कशाला त्यात?"

"शिकवलंत ना. मिळालं ते घेतलं. तेही लिहायलाच पाहिजे."

त्या ओळीवर त्यांची नजर थोडी जास्त रेंगाळली, हे तिनं बघितलं. मग मान हलली. "माझ्या मंडळाच्या नावाखाली हे लागणार नाही."

"मंग माझा फोटो काढा त्याच्यातून. रविवारी स्टेजवर मी येत न्हाई."

"सत्कार नाकारतेस?"

"सत्कार न्हाई. मजकूर."

कल्याण उठला. "काका, माझं..." म्हणाला आणि अडला. साक्षीच्या जिभेवर तीन शब्द तयार होते, यादीत छापलेलेच. ते टाकले असते तर सरांचा आवाज कायमचा बसला असता. पण तो कंस तिचा नव्हता, आणि दुसऱ्याचा कंस उघडणारे तिनं पुष्कळ बघितले होते.

"तुझं तू बघ, कल्याण," ती म्हणाली.

"काय बघायचं त्यानं?" सरांनी विचारलं.

"फोटो," कल्याण म्हणाला. "कुठला लावायचा ते."

सर निघून गेले. कल्याण त्यांच्या मागं गेला, पायरीवर एकदा थांबला, पण वळला नाही.

बबलूनं आपली खुर्ची परत घेतली. "मॅडम, मंडळ न्हाई म्हटल्यावर हे लावणार कुठं? चौकात तर लावू द्यायचे न्हाईत."

"आमच्या घराच्या भिंतीवर. बाबांनी बांधलीय, कुणाला विचारायचंय?"

"अन् शुभेच्छुक?"

"लागतोच का?"

"आजपावतो बिनशुभेच्छुकाचा छापला न्हाई." त्यानं माउस फिरवला, ओळी मोजल्या, चुकचुकला. "मजकूर लांब आहे. अक्षर बारीक करावं लागेल."

"अक्षर राहू दे तेवढंच," साक्षी म्हणाली. "फ्लेक्स मोठा कर."