डोळा डावा की उजवा

आमच्या संस्थेत बाईंच्या नावावर दोन गोष्टी जमा होत्या: उंदरांच्या डोळ्यांत घातलेलं निम्मं आयुष्य आणि कुणालाच न पटणारं एक मत.

मत साधं होतं. डोळ्याच्या पडद्यात, म्हणजे रेटिनात, दंडपेशी अंधुक उजेडात पाहतात आणि शंकूपेशी दिवसाउजेडी, रंगांत. काही घराण्यांत पिढ्यान्‌पिढ्या येणाऱ्या आजारात बिघाड असतो तो दंडपेशींत. तरी त्या गेल्या की मागोमाग धडधाकट शंकूपेशीही माना टाकतात आणि माणूस पुरता आंधळा होतो. मोठे सर म्हणत, मेलेल्यांचं विष बाधतं. बाई म्हणत, विष कसलं, ही उपासमार आहे. दंडपेशी शेजारणींना काहीतरी पुरवत असतात, ते बंद पडतं. तेच बाहेरून द्या, शंकूपेशी जगतील.

मोठे सर बाईंचे गुरू आणि विभागाचे प्रमुखही. गुरू आणि साहेब एकाच देहात भेटणं म्हणजे सासरा आणि घरमालक एकच असण्यासारखं. तक्रार न्यायची कुणाकडे? घरीही कौतुक बेताचंच. सासूबाई पाहुण्यांना सांगत, आमची सून डोळ्यांतली मोठी तज्ज्ञ, फक्त माझा चष्मा तेवढा दुकानदाराने लावून दिला.

शेवटी सरांनी परीक्षा लावली. प्रत्येक आजारी उंदराच्या उजव्या डोळ्यात बाईंचं औषध, डाव्यात नुसतं मिठाचं पाणी. नंतर कुठला पडदा कुठल्या डोळ्याचा हे झाकून ठेवायचं आणि सरांच्या माणसांनी पेशी मोजायच्या. जमलं तर माणसांवर चाचणी; नाही तर बाईंची प्रयोगशाळा दुसऱ्या विभागाला. सर एवढ्यावर थांबले नाहीत. बाईंच्या माणसांवर त्यांचा स्वतःचा विश्वास होता म्हणे, जगाचा नसेल म्हणून डोळे ते जातीने काढणार होते. गेली कित्येक वर्षं त्यांच्या हातात सहीच्या पेनापेक्षा धारदार काही आलं नव्हतं, पण हे साहेबाला सांगणार कोण?

बाईंनी एकच अट घातली. पडद्याचे उभे काप करायचे नाहीत, चार चिरा देऊन तो फुलासारखा उलगडायचा आणि शंकूपेशींची बाजू वर ठेवून सपाट पसरायचा. कापात घर दिसतं, आळी दिसत नाही, असं त्या म्हणत. सर हसले आणि हो म्हणाले.

निकालाच्या बैठकीत झाकलेलं उघडलं. भिंतीवर चित्रं आली. एका बाजूला शंकूपेशींची भरगच्च वस्ती, दुसरीकडे ओसाड माळ. वस्ती डाव्या डोळ्यांत होती. औषधाच्या उजव्या डोळ्यांत माळ.

सरांनी चेहऱ्यावर सहानुभूती आणली. इतकी त्यांनी बाईंवर उभ्या जन्मात खर्च केली नव्हती. चाचणीला मंजुरी देणाऱ्या समितीच्या अध्यक्षा कागद आवरू लागल्या.

बाई मात्र चित्रांकडेच पाहत होत्या. मग त्यांनी विचारलं, "सर, डोळे काढताना उंदराचं तोंड कुणीकडे होतं?"

"माझ्याकडे. पाठमोऱ्या उंदराचे डोळे काढतात का?"

"आणि उजव्या डोळ्यांची बाटली?"

"उजव्या हाताला. उजवीकडचा डोळा उजवीकडच्या बाटलीत," सर म्हणाले, आणि म्हणता म्हणता त्यांचा आवाज अर्ध्यावर आला.

समोर तोंड करून बसलेल्याचा उजवा आपल्या डाव्या हाताला येतो, हे केशकर्तनालयात सुद्धा ठाऊक असतं. पण सर लगेच सावरले. हरल्यावर सगळ्यांनाच अशा शंका सुचतात, म्हणाले, पुरावा काय?

"माझं नका ऐकू," बाई म्हणाल्या. "डोळ्यालाच विचारा."

त्यांनी समितीला समजावलं. उंदराच्या पडद्यात निळा रंग टिपणाऱ्या शंकूपेशींची दाटी खालच्या बाजूला असते. औषध किंवा पाणी सोडणारी सुई दोन्ही डोळ्यांत कानाच्या बाजूने जाते आणि तिचा व्रण राहतो. खालची बाजू खाली धरली की कानाकडचा व्रण एका डोळ्यात डावीकडे येतो, दुसऱ्यात उजवीकडे; डोळा कुठला ते पडदाच सांगतो. चिठ्ठीची गरज नाही. उभ्या कापात हे कधीच दिसलं नसतं.

सर स्वतः सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून बसले. माणूस हट्टी, पण काचेखाली दिसतं त्याच्याशी खोटं बोलणारा नव्हे. ही जमेची बाजू मांडलीच पाहिजे. पहिल्या काचेवर 'डावा' लिहिलेलं. त्यांनी आधी खालची बाजू शोधली, मग व्रण.

"उजवा," सर म्हणाले.

दुसरीही उजवा. तिसरीही. पुढे पुढे ते विचारायच्या आधीच सांगू लागले आणि नंतर तर त्यांच्या आवाजात चक्क उत्साह आला, जणू शोध त्यांचाच. भरगच्च वस्तीची एकूण एक काच उजव्या डोळ्याची निघाली. सर उठले, फळ्याशी गेले आणि तिथे मांडलेल्या निकालातले 'डावा', 'उजवा' हे शब्द स्वतःच्या हाताने खोडून अदलाबदल करून लिहिले. अध्यक्षांनी आवरलेले कागद पुन्हा उघडले आणि चाचणीच्या मंजुरीवर तिथल्या तिथे सही केली.

"पुढच्या वेळी डोळे तूच काढ," सर खडू झटकत म्हणाले.

"पुढच्या वेळी माणसांचे असतील, सर," बाई म्हणाल्या. "ते काढायचे नसतात."