काचेतला निळा ठिपका

मनकर्णाबाईंनी पदराचं टोक जिभेला लावून ओलं केलं आणि सुनेच्या लॅपटॉपवरचा निळा ठिपका पुसायला घेतला. खसखशीच्या दाण्याएवढा ठिपका, पण हटायचं नाव घेईना. त्यांनी नखानं खरवडून पाहिलं, तेव्हा नखाभोवती पडद्यावर रंगांची लाट उमटली आणि त्या दचकून मागे सरकल्या.

"आई, तो डाग नाही होय," प्रियदर्शनी स्वयंपाकघराच्या दारातून म्हणाली. "तो आतमधी आहे, काचेत."

प्रियदर्शनी दिवाळीनंतर लग्न होऊन या घरात आली ती अकोल्याहून हा लॅपटॉप घेऊनच. अकोल्याच्या एका छापखान्यासाठी ती लग्नपत्रिका तयार करी आणि चांदूर बाजारजवळच्या या गावातून घरबसल्या पाठवी. नवरा किशोर अमरावतीला नोकरीला, शनिवारी येऊन सोमवारी पहाटे जाणारा. सासरे रामराव एकदा वावरात गेले की ओसरीवर सासू, सून आणि लॅपटॉप असा तिघांचा संसार चाले.

तिनं सासूबाईंना शेजारी बसवून सगळं समजावून सांगितलं. पडद्यावरचं चित्र असल्याच बारीक ठिपक्यांचं बनलेलं असतं, त्यांना पिक्सेल म्हणतात. एकेका ठिपक्यात लाल, हिरवा आणि निळा असे तीन कप्पे. मागे एक पांढरा दिवा कायम जळत असतो आणि प्रत्येक कप्प्यापुढे स्फटिकांचं दार असतं. दार जेवढं उघडेल तेवढाच तो रंग बाहेर येतो. तिन्ही उघडली की पांढरं, तिन्ही मिटली की काळं. इथे दोन-चार ठिपक्यांचं निळं दार उघडं राहून गेलं होतं आणि लाल-हिरवं मिटून बसलं होतं. अकोल्याच्या दुरुस्तीवाल्याच्या भाषेत हा अडकलेला पिक्सेल. मेलेला असता तर नुसता काळा दिसला असता. मऊ फडक्यानं हलकं चोळा, भराभर रंग बदलणारं चित्र चालवून पाहा, सुटला तर सुटला, असं तो म्हणाला होता. पण तो काही सुटला नव्हता. पडदाच बदलायचा तर एवढ्याशा ठिपक्यासाठी ते प्रियदर्शनीच्या जिवावर आलं होतं.

दार म्हटल्यावर मनकर्णाबाईंना फार सांगावं लागलं नाही. वाफा भरला तरी पाणी आणणाऱ्या दांडाचं तोंड बुजवायचं राहून गेलं, तसलंच हे. त्यांनी एकच गोष्ट विचारली.

"मंग चित्र सरकवलं तं हाबी सरकते?"

"नाही आई. चित्र सरकते. हा जागीच रायते."

मनकर्णाबाईंनी ठिपक्याकडे आणखी एकदा नीट पाहिलं आणि मग मेथी निवडायला बसल्या.

त्या दिवसांत घरात एकच विषय होता, बोअर कुठे घ्यायचं. विहीर फाल्गुनातच तळ दाखवू लागली होती, तेव्हा बोअर घ्यायचं यावर नवरा-बायकोचं एकमत होतं, आणि तेवढ्यावरच होतं. रामरावांना ते रस्त्याच्या कडेला हवं होतं. संत्र्याची बाग तिथून जवळ पडते, असं ते सांगत. खरं कारण सगळ्या गावाला ठाऊक होतं: येणाऱ्या-जाणाऱ्याला पाइपातून पडणारी धार दिसली पाहिजे. मनकर्णाबाईंना बोअर वावराच्या मागच्या कोपऱ्यात हवं होतं, त्यांच्या फुलांच्या तुकड्याजवळ. तिथे त्या शेवंती, झेंडू आणि निशिगंध लावत आणि सणाला चांदूरच्या बाजारात माल पाठवत. पण पाणी आधी संत्र्याला, उरलं तर फुलांना, असा घरचा कायदा होता, आणि पाणी कधी उरत नसे. गेल्या दसऱ्याला स्वतःच्या दाराचं तोरण त्यांना विकतच्या झेंडूचं करावं लागलं. ते त्यांच्या मनाला फार लागलं होतं. यंदा पाणी कोपऱ्यात आलं नाही तर फुलं लावणंच बंद करायचं, असं त्यांनी सुनेला सांगून टाकलं होतं. सांगताना त्या भांडल्या नाहीत, म्हणून प्रियदर्शनीला ते जास्त खरं वाटलं.

तोडगा म्हणून रामरावांनी जमिनीतलं पाणी सांगणारे दोन पाणाडे बोलावले. एकाच्या तळहातावरचा नारळ विहिरीपाशी उभा राहिला, दुसऱ्याची काडी गोठ्यापाशी फिरली. दोघेही पोटभर जेवून गेले. मग किशोरनं फोनवर सुचवलं, आकाशातून काढलेला शेताचा नकाशा पाहा, हिरवळ कुठे टिकून आहे ते तरी कळेल. रामरावांनी हे मनावर घेतलं. बुधवारी सकाळी वावरातून आल्या आल्या त्यांनी सुनेला नकाशा काढून ठेवायला सांगितलं आणि हातपाय धुवायला मागे गेले.

प्रियदर्शनीनं नकाशा काढला. मनकर्णाबाई हात पुसत येऊन शेजारी टेकल्या आणि सरकवायचं कसं ते मलाही दाखव, म्हणाल्या. तिनं त्यांचं बोट धरून दाखवलं. शेत डावीकडे गेलं, वर गेलं, जरा खाली आलं. निळ्या ठिपक्याखालून रस्ता गेला, संत्र्याच्या ओळी गेल्या, विहीर गेली, गोठा गेला. मागचा कोपरा बरोबर ठिपक्याखाली आला, तसं मनकर्णाबाईंनी बोट उचललं.

प्रियदर्शनी त्यांच्याकडे बघतच राहिली.

"आई, पण तिथं पाणी नसलं तं?"

"नसन. कोरडंच जायचं असन तं रस्त्यावरबी कोरडंच जाईन," मनकर्णाबाई हळू आवाजात म्हणाल्या. "पण लागलं तं एक डाव माह्या फुलापाशी लागू दे."

एवढं बोलून त्या चुलीकडे निघाल्या, तोच रामराव आले. चष्मा लावून ते पडद्यासमोर बसले आणि सगळं शेत त्यांनी बांधाबांधानं पाहिलं. मग त्यांचं बोट कोपऱ्यावर येऊन थांबलं.

"हे निळं काय होय?"

"मले काय समजते त्यातलं," मनकर्णाबाई पाठमोऱ्याच म्हणाल्या. "पाणी निळंच दाखवत असन."

नकाशात जमिनीखालचं पाणी दिसत नसतं, असं प्रियदर्शनी पुटपुटली. तिच्या माहेरी खोटं चालत नसे, म्हणून तिनं आपल्या परीनं खरं बोलून घेतलं. रामरावांनी मान हलवली, पण बोट हलवलं नाही. जरा मोठं करून दाखव, म्हणाले.

आता आली पंचाईत. नकाशा मोठा केला की शेत पसरणार आणि ठिपका मात्र होता तिथेच राहणार. कोपरा सुटून तो खुशाल शेजाऱ्याच्या तुरीत जाऊन बसला असता. चुलीपाशी भांड्यांचा आवाज थांबला होता. प्रियदर्शनीनं पडद्यावरचा बाण नेला, नेमका निळ्या ठिपक्यावर ठेवला आणि मगच नकाशा मोठा केला. जिथे बाण ठेवावा ती जागा हलत नाही, बाकीचं शेत तिच्याभोवती फुगतं. कोपरा मोठा झाला, शेवंतीचे वाळके वाफे दिसू लागले आणि ठिपका त्यांच्या कडेला तसाच बसून राहिला. आपल्याला हे इतकं सहज कसं जमलं याचं तिला नवल वाटलं आणि सासूसाठी ते केलं म्हणून आनंदही झाला.

रामरावांनी बराच वेळ पाहिलं. आधी कोपऱ्याकडे, मग चुलीपाशी उभ्या राहिलेल्या बायकोच्या पाठीकडे. चष्मा काढून त्यांनी खिशात ठेवला.

"कोपऱ्यातच घेऊ," ते म्हणाले.

पुढच्या आठवड्यात मशीन आलं. दुपारपर्यंत नुसती राखाडी धूळ उडत होती आणि मनकर्णाबाई बांधावर बसून जिवाच्या आकांतानं देवाचं नाव घेत होत्या. मग धूळ ओली झाली, ओल्याचा चिखल झाला आणि एकदम पाणी उसळलं. फार नाही, दीड-दोन इंचाची धार. पण फुलांना पुरून थोडं संत्र्यालाही जाईल एवढं. मनकर्णाबाई नखशिखान्त भिजल्या आणि लहान पोरीसारख्या हसत सुटल्या. तशाच ओल्या लुगड्यानं त्यांनी हळदीकुंकवाची ताटली आणली. सून आपली, पाणी आपलं आणि दसऱ्याची फुलंही आपलीच, असं त्या मशीनवाल्यालासुद्धा सांगत होत्या.

पाणी सुनेच्या कंप्युटरनं दाखवलं, ही बातमी त्यांनीच आठ दिवस आधी देवळात बायकांना सांगून पक्की करून ठेवली होती. ती फिरत फिरत बांधापलीकडच्या खुशालरावांकडे पोचली होती. तेही धार पाहायला आले आणि थेट प्रियदर्शनीपुढे उभे राहिले.

"सूनबाई, उद्या माह्यंबी वावर पाहून दे त्याच्यात. मशीन इथंच आहे, हातासरशी मीबी घेऊन टाकतो."

प्रियदर्शनीच्या तोंडचं पाणी पळालं. खरं सांगावं तर भर आनंदात सासूचं पितळ उघडं पडणार, न सांगावं तर बिचारे खुशालराव एका बिघडलेल्या काचेच्या भरवशावर जमिनीला भोक पाडणार. तिनं सासूकडे पाहिलं. मनकर्णाबाईंचं हसू मावळलं होतं आणि ताटली हातात तशीच राहिली होती.

रामराव पाइपाखाली पाय धूत होते. तिथूनच ते बोलले.

"खुशालराव, त्या डब्ब्यात काई नाही. जागा इनं दाखवली." त्यांनी हनुवटीनं बायकोकडे खूण केली. "दरसाल सांगून राहिली होती. मीच ऐकत नव्हतो."

खुशालरावांनी मनकर्णाबाईंकडे नव्यानं पाहिलं आणि मग वहिनींनीच उद्या आपल्या वावरात येऊन जागा दाखवावी, असं अगदी हात जोडून सांगितलं. मनकर्णाबाईंनी घाईघाईनं पदर डोक्यावर ओढला आणि चहा आणायला म्हणून घराकडे निघून गेल्या.

लोक पांगल्यावर रामराव सुनेला जवळ बोलावून म्हणाले, "नकाशा पाह्याच्या आदल्या दिवशी मी तुह्या लॅपटॉपवर कीर्तन पाहून राहिलो होतो. तवा तो ठिपका बुवाच्या नाकावर होता."

प्रियदर्शनीनं आधी जमिनीकडे पाहिलं, मग धीर करून त्यांच्याकडे.

"मंग बाबा, तुमी बोलले काहून नाही?"

रामरावांनी ओंजळभर पाणी घेतलं, चव पाहिली आणि उरलेलं तोंडावरून फिरवलं.

"इतक्या वर्सात भांडली लय, पण खोटं कधी बोलली नाही माह्यापाशी. त्या दिवशी बोलली. म्या म्हटलं, इतकं पायजे असन तं घेऊ दे बाप्पा." मग ते हळूच म्हणाले, "तिले सांगजो नको."

मनकर्णाबाई चहाची किटली आणि कप घेऊन बांधावरून येत होत्या. चेहरा चिंतेनं ओढला होता. कप भरता भरता त्यांनी नवऱ्याला धारेवर धरलं: कुणी सांगितलं होतं माझं नाव घ्यायला, आता उद्या त्या खुशालरावच्या वावरात मी कुठे बोट दाखवू, मला काय समजतं पाण्यातलं.

रामरावांनी चहा बशीत ओतला आणि शांतपणे फुंकर घातली.

"त्याच्या बायकोले इचार, तिले कुठी पायजे," ते म्हणाले. "अन् तिथं बोट ठेव."

मनकर्णाबाईंचा किटलीचा हात हवेतच थांबला. त्यांनी नवऱ्याकडे पाहिलं, मग सुनेकडे. सून तोंडाला पदर लावून दुसरीकडे पाहत होती आणि तिचे खांदे हलत होते.